वाडीच्या अंगाची कड

प्रिय अमृत,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील, आणि पाकीट न फोडता खिशात घालावं असंही तुला वाटलं असेल. तसं करू नकोस. पीयूष तुझ्यासमोर उभा असेल. तू वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. पीयूष म्हणजे बेल्ह्याच्या लालचंदशेठचा नातू. तू गेलास तेव्हा तो नुसता मोटारसायकल उडवत फिरायचा, आता आजोबांच्या गादीवर बसून फरशीचं दुकान चालवतो. गेल्या खेपेला इलकलला ग्रॅनाइट बघायला गेला, तर खाणीत मशीनवर बसलेला माणूस आपल्या वाडीचा निघाला, हे त्यानेच येऊन सांगितलं. तोवर तू कुठे आहेस हे कुशाकाकूंना, तुझ्या सख्ख्या आईलाही, ठाऊक नव्हतं. जुना नंबर बंद आहे. नवा तू पीयूषने मागूनही दिला नाहीस, आणि तिथल्या खाणीच्या ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही. उद्या पहाटे त्याची गाडी निघणार आहे, त्याआधी मला सगळं नीट लिहून काढायचंय. मी घाबरले की माझं बोलणं कसं तुटक होतं ते तुला माहीत आहे. लिहिताना निदान मागचं वाक्य पुन्हा वाचून बघता येतं.

झऱ्याचं पाणी गढूळ येतंय. तू गेलास तेव्हा हा झरा नव्हता, म्हणून सांगते. आपली दगडाची खाण बंद झाल्यावर पाणी उपसणारा पंप गेला आणि वरचा खड्डा दर पावसाळ्यात भरत भरत तळ्यासारखा झाला. ते तळं आणि खालची आपली घरं यांच्यामध्ये फक्त तुझ्या वडिलांनी न फोडता सोडलेली दगडाची कड आहे. तिच्या पायथ्यातून पाणी झिरपायला लागलं, तेही इतकं नितळ की बायांनी तिथे दगड मांडून पाणवठा केला. ठमाबाई म्हणायची, "खान गेली, पर जाताना नळ देऊन गेली." या आठवड्यात परतीचा पाऊस धरून बसलाय आणि तेच पाणी तांबूस झालं. मी बाटलीत भरून खिडकीत ठेवलं, तर सकाळी तळाला मुरमाचा थर. नारायणगावच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते तिथे वाळूत माती किती ते आम्ही असंच बघतो. नितळ पाणी झिरपतं तोवर काळजी कमी असते. गढूळ आलं की समजावं, ते आतली भिंत खाऊन येतंय. मी ती बाटली पुन्हा पुन्हा हलवून ठेवली, की आपलंच काही चुकलं असेल. दर वेळी तेच.

तू म्हणशील, तेजीला लहानपणापासून सगळीकडे भगदाडं दिसतात. खरंय. क्रशर चालू असायचा तेव्हा भिंतीवरची भांडी थरथरायची आणि मी प्रत्येक भांडं हात लावून थांबवायची. पण त्या दिवसांची मला भीती वाटायची नाही, हे आज नवल वाटतं. आपल्या आज्यांच्या वेळी हा बोडका डोंगर होता. कालव्याच्या कामाला दगड लागला म्हणून मालकाने त्याची एक बाजू फोडायला घेतली आणि फोडणाऱ्यांनी खडीच्या राशीशेजारी पालं ठोकली. पुढे हायवे रुंद व्हायला लागला आणि आपलं नशीब उघडलं. पालांची पत्र्याची घरं झाली, पत्र्याची विटांची. गिरणी आली, बालवाडी आली, दोन हॉटेलं झाली. खालच्या गावची माणसं आपल्याला "खाणीवरची" म्हणून नाक मुरडायची आणि संध्याकाळी आपल्याच वाडीत भजी खायला यायची. अंधार पडला की खोडदच्या दुर्बिणीच्या छत्र्यांपाशी उभं राहून बघावं, तर आपल्या डोंगरावर शहर वसल्यासारखे दिवे दिसायचे, असं माझे आप्पा सांगायचे.

आणि गारा. दगडात पोकळी लागली की आत काचेसारखे खडे उगवलेले असायचे, पांढरे, मोतिया, क्वचित हिरवे. सोमवारचा बाजार उरकून लालचंदशेठ स्कूटरवर यायचे, गोणपाट पसरून बसायचे, आणि बाया पदरात गुंडाळलेल्या गारा तान्ह्या बाळासारख्या त्यांच्यापुढे उघडायच्या. "शेठ, नीट बघा की जरा, हिला न्हाऊमाखू घालून आणलीय," असं कुशाकाकूंनी म्हणायचं, आणि शेठनी कानाला हात लावायचा, "काकू, तुमी गप बसा. तुमी बोलला की मला भाव वाढवावा लागतो." त्यांच्या बायकोने, चंदाबाईंनी, एक हिरवी गार विकूच दिली नाही. ती अजून त्यांच्या काचेच्या कपाटात चांदीच्या पेल्याशेजारी आहे. मागे मी गेले तेव्हा त्यांनी ती मला काढून दाखवली. मला तिच्याकडे बघवलं नाही. का, ते पुढे लिहिते.

त्याआधी तात्यांच्या हाळीबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिथेच अडलंय. तुझ्या वडिलांनी खडकावर उभं राहून "सुरूंग हाय रंऽऽ, भाईर व्हाऽऽ" म्हटलं की वाडी कशी निघायची! चूल विझवायची, दार सताड उघडं टाकायचं, पोर काखेला मारायचं आणि ओढा ओलांडून माळावर जायचं. तात्यांनी "मोकळंऽऽ" म्हणेपर्यंत कुणी मागे वळायचं नाही. नवी सून आली की तिला चहा कुठल्या डब्यात आहे ते नंतर सांगायचे, हे आधी. मालकाच्या पुतण्याच्या लग्नात शूटिंगवाल्याला ती हाळी हवी होती, ते आठवतं? पळणारी माणसं, मागे धूर, असं काहीतरी. मालक स्वतः म्हणाले, "रखमाजी, दे की राव एकदा, पोरांची हौस." तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मालक, लगीन तुमचं हाय, म्हनाल तितकं नाचतो. हाळी नाय द्यायचो. आज फुकाची दिली तर उंद्या खरीला कोन निगंल?" आणि नाचले रे खरंच वरातीत, टोपी पडेपर्यंत.

मग खाणीची मुदत संपली आणि नवी मंजुरी मिळाली नाही. क्रशर सुटा करून ट्रेलरवर चढवला, तेव्हा सगळी वाडी बघायला जमली होती, मयताला जमतात तशी. आधी ट्रक थांबले, मग भजी थांबली. माणसं जाताना घरावरचे पत्रेही उतरवून न्यायची, त्यामुळे पुढच्या पावसात भिंती वरून विरघळायला लागल्या. कुणी चाकणला गेलं, कुणी तुझ्यासारखं लांबच्या खाणीवर. आता म्हातारी माणसं आहेत, टोमॅटोच्या मार्केटला निवडायला जाणाऱ्या बाया आहेत, त्यांची पोरं आहेत, आणि ठमाबाईच्या शेळ्या. मी आणि आई आहोत. आप्पा गेल्या वर्षी गेले, ते तुला पीयूषकडून कळलं असेल. मला तू भेटायला येशील असं वाटलं होतं. असो.

बाटली घेऊन मी तालुक्याला गेले. इंजिनिअर साहेबांनी ऐकून घेतलं, येऊन बघितलं, वाडी खाली करायची नोटीस लावली आणि खालच्या गावच्या शाळेत सोयही केली. त्यांनी तात्यांना विचारलं, कड किती जाड आहे. तात्या म्हणाले, "दहा मानसं शेजारी निजतील येवढी. मीच सोडलीय." साहेबांनी तेच लिहून घेतलं. दुसरं कुणाला विचारणार? आणि नोटिशीचं म्हणशील तर ठमाबाई म्हणाली, "नोटीस काय, पोलिओच्या डोसाची बी लागती. हाळी झाली का? न्हाई ना? मग शेळ्या घिऊन कुटं उलथू?" बाकीच्यांचं एकच, रखमाजी घरात बसलाय तवर आमी बी बसतो. मी प्रत्येक दाराशी गेले. मुरूम, झिरप, दाब, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, उलट चहा पाजला. "शिकलीयस ना बाई, तुला भ्या वाटनारच," असं आईलाच कुणीतरी समजुतीने म्हणालं.

शेवटी तात्यांकडे गेले. त्यांची छाती आता दगडाच्या भुकटीने पार भरलीय, दोन वाक्यांमागे थांबावं लागतं, आवाज म्हणजे नुसती हवा. ते म्हणाले, "दगूड न सांगता येत न्हाई, पोरी. सांगायचं काम माझं व्हतं." मग श्वास घेऊन, "अन् त्या कडंला म्या जल्मात सुरूंग लावला न्हाई." त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की मी तिथून उठलेच. मान खाली घालून परत आले आणि हे पत्र घेऊन बसले.

अमृत, मला माहीत आहे. आप्पांनी दवाखान्यात सांगितलं. खाण बंद झाली त्या उन्हाळ्यात तात्या छातीच्या दुखण्याने लोणीला आत्याकडे होते, खड्डा कोरडा होता, आणि तुला कडेच्या आतल्या अंगाला हिरव्या गारांची पोकळी सापडली. तुम्ही दोघं पहार घेऊन आत गेलात. पहारीला हाळी लागत नाही, म्हणून वाडीत कुणाला कळलं नाही. एका पोकळीतून दुसरी लागायची, दर वेळी म्हणायचं एवढी काढू आणि थांबू. शेठनी विचारलं तर आप्पांनी जुना माल म्हणून सांगितलं. मग पाऊस आला, खड्डा भरला आणि ते भोक पाण्याखाली गेलं. "लई आत गेलो व्हतो गं," आप्पा म्हणाले. किती, ते त्यांना सांगता येईना. ते बाहेर पाट्या ओढत होते, आत तू होतास. मी विचारलं, कशासाठी? तर तोंड भिंतीकडे करून म्हणाले, "अमृत म्हनला, तेजीचा डिप्लोमा अर्ध्यात सुटाय नको." मी इतकी वर्षं समजत होते की मालकाने खाण मोडताना सगळ्यांना काहीतरी दिलं, त्यातून माझी फी भरली गेली. तू त्या पावसाळ्यात मला विचारायला आलास, माझ्याबरोबर येतेस का, आणि मी म्हटलं, शेवटचं वर्ष होऊ दे. तू बरं म्हणालास आणि डोंगराकडे बघत राहिलास. मला वाटलं, तू माझ्यावर नाराज झालास.

आप्पांनी माझ्याकडून शपथ घेतली, रखमाजीला सांगायचं नाही, तो हाय खाईल. मी शपथ घेतली. तू मला ओळखतोस, मी साधा दिलेला शब्द मोडत नाही. पण आता मला एकच दिसतंय की तुझ्याकडून

पत्र इथे तुटलं होतं. आता शाळेच्या व्हरांड्यातून लिहितेय. दुपार टळलीय, कागद भिजलाय, अक्षर लागत नसेल तर पीयूषला विचार, तो पलीकडे माझ्या आईला बिस्किटं देतोय. वर पहाटे निघणार असं लिहिलंय ते खोडत नाही, पण तो आता लगेच निघणार आहे.

तुझ्याकडून काय हवं ते लिहीत होते तेवढ्यात आईने पाणवठ्यावरून हाक मारली. मनगटाएवढी धार मांडीएवढी झाली होती, लाल, आणि तिच्यातून खडे उडत होते. मी तशीच तात्यांच्या घरी गेले. ते आणि कुशाकाकू सुपात मटकी निवडत बसले होते. मी उंबऱ्यातच उभी राहून सांगितलं. कड पोकळ आहे, तात्या. आतून पोखरलीय, गारांसाठी, पहारीने. त्यांचा हात सुपातच राहिला. "कुनी?" मी म्हटलं, आप्पांनी. "एकल्यानं?" खोटं बोलता आलं असतं, आप्पा आता कुठे येणार होते नाही म्हणायला. "आत कोन गेल्तं?" त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

ते उठले, टोपी घातली, आणि त्या पावसात हाळीच्या खडकाकडे चालायला लागले. कुशाकाकू मागून ओरडत होत्या, "अवो, छाती भरंल, इरलं तरी घ्या! म्हातारपनी कुनाला दाखवायचंय?" तात्या हातापायांवर खडक चढले. वर उभे राहिले, हात उंच केला आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मी खाली होते, मला त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, आवाज नव्हता. कुशाकाकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा कडेकडे, पदर कमरेला खोचला आणि खालून हाळी दिली. शब्द तेच, हेलही तोच. आजवर बाईने ती दिली नव्हती. दारं उघडायला लागली. लोकांनी वर तात्यांचा हात बघितला आणि मग कुणी काही विचारलं नाही. चुली विझल्या, दारं सताड उघडी टाकली, पोरं काखेला मारली. ओढा चढला होता, आम्ही साखळी करून ओलांडला. पलीकडे गेल्यावर ठमाबाई एक करडू गळ्यात घालून म्हणाली, "कुशे, तुझा व्हय गं आवाज? मला वाटलं, तालुक्याचा भोंगा आला." सगळे हसले. मीही हसले आणि मग हसू थांबेना, आईने पाठीत थोपटलं तेव्हा कळलं की मी रडतेय.

सगळे इथे आहेत. मी पुन्हा पुन्हा माणसं मोजतेय. कड अजून उभी आहे. इंजिनिअर साहेब आलेत, लांबच्या अंगाने पंप लावून पाणी उपसायला घेतलंय, पण तेवढ्याने भागणार नाही. पोकलेनने चर खणून पाणी ओढ्याला सोडावं लागेल, आणि पोकलेन जाणार त्या कडेवरूनच. भोक कुठून सुरू होतं, कुठे वळतं, किती आत जातं, हे कळल्याशिवाय ते मशीन वर घालायला तयार नाहीत. पोकलेनवरचा ड्रायव्हर विशीतला मुलगा आहे. साहेबांनी मला विचारलं, मी ठाऊक नाही म्हटलं. तात्या भिंतीला टेकून बसलेत, ओले कपडे बदलायलाही तयार नाहीत. मी जवळ गेले. शपथ मोडल्याबद्दल काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं. रागावलेत का, मला कळत नाही. मग एवढंच म्हणाले, "कड माझी व्हती. पोरगं बी माझंच हाय. त्यालाच इचारा." तुझं नाव मी घेतलं, हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये म्हणून पीयूष तयार असताना हे सगळं लिहिलं. तो जीपच्या हॉर्नवर हात ठेवून बसलाय. वाचून झालं की त्याच्या फोनवरून तिथूनच फोन लाव. या कागदाच्या पाठीवर कुशाकाकूंचा नंबर आहे. माझ्याशी नंतर बोल, किंवा नकोही बोलूस. आधी तात्यांना सांग, किती हात आत गेला होतास.

तुझीच,
तेजस्विनी